काजळीच्या डोळ्यांभोवतीचे पांढरे केस

पत्र: डॉक्टरसाहेब, मी शिरपूर तालुक्यातला शेतकरी आहे. मागच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून एक कुमाईत घोडी घेतली, तिच्या पायाशी दोन महिन्यांची बछेरी होती. बछेरी कोळशासारखी काळीकुट्ट. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने तिचं नाव काजळी ठेवलं. व्यापारी म्हणाला होता, बाप मारवाडी जातीचा घोडा आहे आणि अस्सल काळा आहे. आता चैत्र संपत आला. काजळीच्या डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखे पांढरे केस आलेत, तोंडावर राख फासल्यासारखं दिसतं आणि अंगावरचे केस पुंजक्या-पुंजक्याने झडताहेत. गावात कोणी नजर लागली म्हणतं, कोणी कोड म्हणतं, कोणी म्हणतं की व्यापाऱ्याने रंग लावून विकली. आई म्हणते, रंग बदलणारं जनावर दारात ठेवू नये. भाऊ म्हणतो, काळी दिसते तोवर विकून टाक. व्यापाऱ्याकडे पैसे परत मागू का? काही औषध आहे का? मुलगी रोज विचारते आणि रडते. सोबत फोटो पाठवतो आहे. – एक वाचक

भाऊ,

तुमचे फोटो मी मोठे करून पुन्हा पुन्हा पाहिले. काजळीला कोड नाही, खरूज नाही, नजरही लागलेली नाही. तिला कोणी रंग फासलेला नव्हता. तुमची बछेरी सब्जा आहे, म्हणजे जन्मताना गडद आणि वयाबरोबर पांढरी होत जाणारी. आजारच नाही, तर औषध कशाचं द्यायचं? ती काळी राहणार नाही, एवढं मात्र आजच मनाशी पक्कं करा आणि मुलीलाही सांगा. कसं सांगायचं ते शेवटी लिहितो.

आधी केस झडण्याबद्दल, कारण गावाला भीती त्याचीच जास्त वाटते. आपल्या लेकराला जावळ असतं, तसं शिंगरालाही असतं. आपण लेकराचं जावळ काढतो, शिंगराचं आपोआप झडतं. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरुवात होते. डोळ्यांभोवती आणि तोंडावर आधी, मग हळूहळू बाकीच्या अंगावर. या काळात शिंगरू कसर लागलेल्या घोंगडीसारखं दिसतं. इकडे जुनी लव, तिकडे नवा तुळतुळीत केस. पहिल्यांदा शिंगरू सांभाळणाऱ्याचा जीव घाबरा होणं साहजिक आहे. पण जिथली लव गेली तिथे नवे केस आलेले दिसताहेत ना? मग काळजी सोडा. गोल टक्कल पडलं असेल, खपली धरली असेल, शिंगरू अंग खांबाला घासत असेल, तर तो त्वचेचा आजार, तेव्हा जवळच्या पशुवैद्यकाला बोलवा. फोटोत तसं काही नाही. मऊ ब्रशने हलक्या हाताने झडलेले केस काढा. लोखंडी खरारा एवढ्या कोवळ्या अंगावर चालवू नका.

या जावळाखाली दडलेला रंग हाच घोड्याचा खरा रंग. आपल्याकडे यात्रेत शिंगरू बघणारे दहापैकी नऊ लोक जावळाचा रंग बघून भाव करतात, आणि तिथेच फसगत होते. म्हणून हे जरा सविस्तर सांगतो, पुढच्या दत्तजयंतीला उपयोगी पडेल.

तुमची घोडी कुमाईत आहे. अंग गडद तपकिरी, आयाळ-शेपूट काळी आणि गुडघ्याखाली पाय काळे. पण कुमाईत शिंगरू जन्मतं तेव्हा त्याचे पाय काळे नसतात. फिकट, भुरकट, कधी चक्क पांढरट दिसतात. माणूस बघतो आणि म्हणतो, वा, चारही पाय पांढरे, कपाळावर टिळा, पंचकल्याण आहे! चार पैसे जास्त देऊन घरी नेतो, आणि चार महिन्यांनी जावळ गेलं की खालून काळे पाय निघतात. याला फसवणूक म्हणायची की अज्ञान, हे त्या-त्या माणसावर अवलंबून आहे. ओळखायची रीत सोपी आहे. पाय पाण्याने भिजवा, केस बोटाने बाजूला करा आणि खालची कातडी बघा. खरं पांढरं असेल तर कातडी गुलाबी असते. कातडी काळपट असेल तर तो पांढरेपणा जावळाबरोबर जाणार. कपाळावरचा टिळा, नाकावरचा पट्टा, पायातले पांढरे मोजे, हे जन्माला येतात तसेच राहतात, वयाने वाढत नाहीत.

पाठीच्या कण्यावरच्या काळ्या रेघेचंही तसंच. काठेवाडी घोड्यांत अशी रेघ असलेला फिकट मातकट रंग पुष्कळ दिसतो आणि त्याला गिऱ्हाईकही असतं. पण रेघ कितीतरी शिंगरांना नुसती जावळापुरती असते, खऱ्या रंगाशी तिचा संबंध नसतो. डोळ्यांचंही सांगून ठेवतो. जन्मताना निळसर-करडे वाटणारे डोळे बहुतेक शिंगरांत काही महिन्यांत गडद होतात.

आता काळ्याकडे वळतो, कारण तुमची गाठ तिथे आहे. जो घोडा मोठेपणी खरंच काळा राहतो, तो जन्मताना बहुतेक वेळा कोळशासारखा नसतो. उंदराच्या अंगासारखा राखी, धुरकट, पोटाखाली आणि पायांत फिकट असतो. जावळ झडल्यावर त्याच्यातून काळा निघतो. उलट जे शिंगरू जन्मतःच मोठ्या घोड्यासारखं चकचकीत काळं असतं, ते सब्जा निघण्याची शंका आधी घ्यावी. सब्जा शिंगरं जन्मताना बहुधा जास्त गडद, जास्त पिकल्या रंगाची असतात. तांबडं असेल तर भडक तांबडं, कुमाईत असेल तर पहिल्याच दिवशी पाय काळे. म्हणजे ज्या काळेपणावर तुम्ही भाळलात, तोच तिच्या पांढरेपणाची खूण होता. यात तुमचा दोष नाही. हे मला पशुवैद्यकीच्या शिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं. सारंगखेड्यालाच तापीकाठी एका म्हाताऱ्या मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याने, शिकवलं. मी एका काळ्या शिंगराचं कौतुक करत होतो. त्याने शिंगराची पापणी अंगठ्याने हलकेच वर केली, कडेचे चार पांढरे केस मला दाखवले आणि म्हणाला, "डॉक्टर, हाई पांढरी व्हई जाई." तेव्हापासून काळं शिंगरू दिसलं की मी आधी पापणीच बघतो.

असं का होतं, याचं उत्तर आता पक्कं मिळालं आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या लेइफ अँडरसन यांच्या गटाने २००८ साली ते शोधून काढलं. घोड्याच्या एका जनुकात डीएनएच्या सुमारे ४,६०० अक्षरांचा एक तुकडा दोनदा लिहिला गेला आहे, आणि एवढ्यानेच सब्जा घोडा तयार होतो. हा बदल हजारो वर्षांपूर्वी एकाच घोड्यात झाला आणि जगभरचे सब्जा घोडे त्याचे वंशज आहेत, असं त्यांना आढळलं. म्हणजे तुमच्या गोठ्यातली काजळी आणि व्हिएन्नाच्या शाही अश्वशाळेत नाचणारे पांढरे लिपित्सानर घोडे हे लांबचे भाऊबंद! ते लिपित्सानरही काळे-तपकिरी जन्मतात आणि सहा ते दहा वर्षांचे होईपर्यंत पांढरे होत जातात. या बदलामुळे केसांच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी सुरुवातीला जोरात काम करतात आणि लवकर संपतात. जन्मताना गडद आणि पुढे पांढरा, ते यामुळे. कातडीतला रंग मात्र कायम राहतो. कोडात नेमकं उलटं होतं, तिथे कातडीच रंग सोडते. तुम्ही पांढऱ्या केसांखालची कातडी बघा, काळी आहे. कोड म्हणणाऱ्यालाही दाखवा.

रंग लावल्याचा संशयही असाच फेडता येतो. रंगवलेल्या केसाचं टोक काळं असतं आणि नवं वाढलेलं मूळ पांढरं. काजळीचे पांढरे केस मुळापासून टोकापर्यंत पांढरे आहेत आणि शेजारचे काळे मुळापासून काळे आहेत. ओल्या फडक्याने पुसून बघितलंत तरी काही लागणार नाही.

व्यापाऱ्याचा मुद्दा जरा नाजूक आहे. सब्जा रंगाचा एक नियम असा आहे की तो मधली पिढी गाळत नाही. शिंगरू सब्जा असेल तर आई किंवा बाप, दोघांपैकी एक तरी सब्जा असलाच पाहिजे. तुमची घोडी पुऱ्या वाढीची कुमाईत आहे, अंगावर पांढरा केस नाही. तेव्हा बाप सब्जा होता. "बाप अस्सल काळा" हे खरं नव्हतं. पण म्हणून तो माणूस खोटारडा ठरत नाही. यात्रेतले बरेच व्यापारी गाभण घोडी राजस्थान-गुजरातेतून विकत आणतात आणि बापाबद्दल ऐकीव तेच पुढे सांगतात. बापही त्या वेळी तरुण, अजून गडद सब्जा असेल, लांबून काळा दिसला असेल. माझं मत विचाराल तर पांढऱ्या केसांसाठी पैसे परत मागू नका. तुम्ही काळी बछेरी बघून घेतलीत आणि त्या दिवशी ती काळीच होती. मात्र पावतीवर किंवा लिहून दिलेल्या कागदावर विशिष्ट घोड्याचं नाव बाप म्हणून असेल आणि त्यासाठी जास्त पैसे घेतले असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्याला फोन करा, शांतपणे बापाचा फोटो मागा. मुळासकट उपटलेल्या केसांवरून आई-बाप ठरवण्याची चाचणी होते, ती करू म्हणावं. बहुतेक वेळा एवढ्यावर खरं बाहेर येतं.

कागदावरून माझी एक चूक सांगतो, कारण तीच चूक तुमच्या कागदातही असेल. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शिंगराच्या दाखल्यावर मी रंगाच्या रकान्यात "काळा" एवढंच लिहिलं. तीन वर्षांनी तो घोडा विजेच्या तारेला चिकटून मेला. मालक विम्याचे पैसे मागायला गेला तेव्हा कंपनीने विचारलं, कागदावर काळा घोडा आहे आणि मेलेला राखाडी, हा तोच कशावरून? त्या माणसाला एक पैसा मिळाला नाही. चूक माझी होती आणि भोगली त्याने. तेव्हापासून मी रंगाच्या पुढे "जन्मतः काळा, सब्जा होणार" असं लिहितो. टिळ्याचा आकार लिहितो आणि सगळ्यात महत्त्वाचं, भोवऱ्यांच्या जागा चित्र काढून दाखवतो. कपाळावरचा भोवरा, मानेवरचा, छातीवरचा, हे घोड्याच्या बोटांचे ठसेच समजा. केस पांढरे झाले तरी ते जागचे हलत नाहीत. आपली जुनी माणसं भोवरे शुभ-अशुभ म्हणून बघायची. मी ते ओळखीसाठी बघतो, आणि त्या नजरेने प्रत्येक भोवरा शुभच आहे. काजळीच्या कागदावर हे सगळं नव्याने लिहून घ्या. जमलं तर मानेत मायक्रोचिप बसवून घ्या, म्हणजे रंगाचा प्रश्नच उरणार नाही.

आता तुमच्या भावाचा सल्ला. काळी दिसते तोवर विकून टाक. भाऊ, हे करू नका. विकायचीच असेल तर जरूर विका, पण घेणाऱ्याला पापणी दाखवून, "ही पांढरी होणार" असं सांगून विका. कद्रू आणि विनतेची गोष्ट तुमच्या आईला ठाऊक असेल. उच्चैःश्रव्याच्या शेपटीचा रंग काळा की पांढरा यावर दोघी बहिणींची पैज लागली, आणि कद्रूने आपल्या नागपुत्रांना त्या शेपटीला चिकटवून ती काळी दाखवली. विनतेला दासी व्हावं लागलं आणि त्या घरातलं वैर पिढ्यान्‌पिढ्या पुरलं. घोड्याचा रंग लपवून जिंकलेल्या पैजेचं पुढे काय होतं, ते तिथेच सांगून ठेवलं आहे. आणि व्यवहाराच्या बाजूनेही भावाचा हिशोब चुकतो आहे. आपल्या भागात लग्नाच्या वरातीला पांढऱ्या घोडीला केवढी मागणी असते ते तुम्हीच बघता. काळी बछेरी पांढरी झाली म्हणून तिची किंमत घटतेच असं नाही. मधली काही वर्षं ती ना धड काळी, ना धड पांढरी अशी दिसेल, तेवढा धीर धरावा लागेल.

आईंना माझा नमस्कार सांगा. रंग बदलणारं जनावर दारात नको, असं त्या म्हणाल्या, ते घराच्या काळजीनेच. त्यांना एवढंच विचारा, खंडेरायाचा घोडा कोणत्या रंगाचा? आपण ज्याला पांढरा घोडा म्हणतो तो बहुतेक वेळा सब्जाच असतो, म्हणजे कधीतरी गडद जन्मलेला. जन्मतःच पांढरा असतो तो नुकरा, त्याची कातडी गुलाबी असते. आपल्या वैशाखाच्या उन्हात, जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा, नुकऱ्याचं नाक आणि पापण्या भाजून निघतात. काजळीची कातडी काळी आहे. केस पांढरे, कातडी काळी, खानदेशच्या उन्हाला यापेक्षा चांगला रंग मी तरी मागणार नाही. सावली आणि पाणी तिलाही लागेलच.

एका गोष्टीकडे मात्र आयुष्यभर लक्ष ठेवावं लागेल, आणि ती मी लपवणार नाही. सब्जा घोड्यांना उतारवयात कातडीखाली काळ्या गाठी येतात. पंधरा वर्षांवरच्या सब्जा घोड्यांत दहापैकी सात-आठ जणांना त्या सापडतात. जागा ठरलेल्या असतात: शेपटीच्या खाली, गुदद्वाराभोवती, ओठांवर, जबड्याच्या मागे. बऱ्याच गाठी वर्षानुवर्षं हळू वाढतात आणि घोडा कामं करत राहतो, पण काही पसरतात, म्हणून छोटी असतानाच दाखवावी. आजपासून घाबरायचं कारण नाही. धुताना शेपूट उचलून तिथे बोटं फिरवायची सवय लावा, म्हणजे पुढे कधी वाटाण्याएवढी गाठ आली तरी वेळीच कळेल. दिलासा देणारी गोष्ट अशी की आई सब्जा नसल्यामुळे काजळीला तो तुकडा एकट्या बापाकडून मिळाला आहे. दोन्हीकडून मिळालेल्या घोड्यांपेक्षा तिला गाठींचा धोका कमी, आणि ती पांढरीही सावकाश होईल. पुढे ती व्याली तर तिच्या प्रत्येक शिंगराला हा रंग मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी, जोडीचा घोडा सब्जा नसेल तर.

चंदी-चाऱ्याने हा बदल थांबत नाही, वाढतही नाही. कोणी रंग टिकवायचं चूर्ण विकायला आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. खऱ्या काळ्या घोड्याचा रंग उन्हाने आणि घामाने विटून तांबूस होतो, तांब्यासारखी खनिजं कमी पडली तरी केस निस्तेज होतात. तिथे खुराकाचा उपयोग आहे, इथे नाही. काजळीला खनिज मिश्रण द्या, वेळच्या वेळी जंताचं औषध द्या, ते तिच्या हाडांसाठी.

राहिली तुमची मुलगी. तिला खोटा धीर देऊ नका. काळी राहील म्हणून सांगितलंत तर पुढच्या उन्हाळ्यात ती तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. त्यापेक्षा तिला एक वही द्या. दर अमावास्येला काजळीला त्याच जागी, त्याच बाजूने उभी करून एक फोटो काढायचा आणि वहीत चिकटवायचा. आधी डोकं उजळेल. मग वर्ष-दोन वर्षांत अंग लोखंडासारखं निळसर-राखाडी होईल. तीन-चार वर्षांची झाली की कदाचित अंगभर रुपयाएवढे गोल चट्टे उमटतील. मला विचाराल तर घोडा सगळ्यात देखणा दिसतो तो याच काळात. मग चट्टे पुसट होत जातील. आयाळ, शेपूट आणि पायांचे सांधे सगळ्यात शेवटी पांढरे होतील. मुलगी दहावी-बारावीला असेल तेव्हा घोडी जवळपास पांढरी झालेली असेल. पुढे अंगावर माशा बसल्यासारखे बारीक तपकिरी ठिपकेही येऊ शकतात, तेव्हा पुन्हा मला घाईने पत्र लिहू नका, तेही याच रंगाचं आहे.

आणि नावाचं म्हणाल, तर ते बदलायची गरज नाही. केस पांढरे झाले तरी पापण्यांची कड, नाकपुड्या आणि ओठ काळेच राहतील, कारण कातडी काळी आहे. पांढऱ्याशुभ्र तोंडावर डोळ्यांभोवती काळी रेघ. तुमच्या मुलीला सांगा, आज काजळीच्या अंगभर काजळ आहे, मोठी झाली की ते जिथे असायला हवं तिथे, डोळ्यांत, दिसेल. पहिला फोटो या अमावास्येलाच काढा, आणि त्याची एक प्रत मलाही पाठवा.